काचबाईंची यादी

वेधशाळेत तिला सगळे काचबाई म्हणत. शेजारच्या दीर्घिकेचे फोटो काचांवर घेतलेले. मरत्या ताऱ्यांनी सोडलेले वायूचे बुडबुडे, म्हणजे ग्रहीय तेजोमेघ, त्या काचांवर काळ्या ठिपक्यांसारखे दिसत. तिचं काम एकच: सूक्ष्मदर्शकातली तार ठिपक्याच्या मधोमध आणायची आणि त्याच्या जागेचा आकडा लिहायचा. तीनशे शेहेचाळीस ठिपके, अकरा वर्षं. यादी छापायला गेली होती, पहिल्यांदाच तिच्या नावाने.

माणसाचा डोळा नेहमी एकाच बाजूला चुकतो. म्हणून काच एकदा सरळ मोजायची, लगेच वरची कड खाली करून पुन्हा मोजायची आणि सरासरी काढायची. चूक चुकीला खाते. पण काच फिरवली की यंत्र नव्याने लावण्यात अर्धा दिवस जाई. तिने शक्कल लढवली: आधी सगळ्या काचा सरळ, मग सगळ्या उलट्या.

"उजव्या डोळ्यातला डाग अगदी मधोमध आहे," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "चार-पाच वर्षांचा तरी असेल. आता वाढतच जाणार."

डावा डोळा लहानपणापासून अधू; सगळी मोजणी उजव्यानेच केलेली.

"डोळ्यांत तेल घालून काम केलंस ना, भोग आता," घरी ताई म्हणाली, आणि मग बराच वेळ भाजीच चिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती प्रमुखांसमोर उभी राहिली. "सर, सरळ आकडे डोळा चांगला असताना घेतलेत, उलटे त्यात डाग पडल्यावर. सरासरीत चूक गेलेली नाही, मुरलीय."

"कितीची?"

"ते मोजायला चांगला डोळा लागतो."

"अहो बाई, कोण तपासणार आहे?"

"कुणीच नाही. म्हणून तर परत मागवा."

"आणि अकरा वर्षं?"

"गेली पाण्यात."

यादी आठवड्याभरात परत आली. पाकीट फोडलेलंही नव्हतं. दुसरा मोजणारा मिळणार नाही, हे प्रमुखांनी जाता जाता सांगितलं.

तिने पहिली काच यंत्रावर चढवली. सरळ पाहिलं की ठिपका नाहीसा होई. नजर जरा बाजूला नेली की ठिपका येई, पण मग तार कुठे आहे ते कळत नसे. तिने वहीत लिहिलं: एक. पुढे आकड्याची जागा कोरी सोडली. हात सवयीने चाक फिरवत राहिला, दुसरा ठिपका यायचा तिथवर.

दोन, तिने लिहिलं.