खाली केलेला माइक

माझा माइक-मंडपाचा धंदा, त्यामुळं ती मला कार्यक्रमांतच भेटते. एका सिनेमात काम केल्यापासून पिंगळी, पेडगाव, सगळीकडून तिला बोलावणं असतं. पोरगी अजून कॉलेजात आहे. सत्काराचा नारळ अन् ब्लाउजपीस शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवते आणि मला विचारते, "काका, आवाज मागच्या बायांपर्यंत जायलाय का?" स्त्रीवादावर बोलताना घाई करते, शब्द गिळते. सूत्रसंचालक मधेच टाळ्या मागायला लागला की म्हणते, "थांबा सर, मी बोलायलेय." तिचं सगळंच मला पटतं असं नाही.

परवा झरीच्या शाळेत तिनं भाषण अर्ध्यात सोडलं. "माझंच किती ऐकता? यांनाबी बोलू द्या की." तिनं स्टँडचा स्क्रू सैल करून माइक खाली केला आणि सतरंजीवर मुलींच्यात जाऊन बसली. मुली एकमेकींना ढकलायला लागल्या. मुख्याध्यापक मला गाणं लावायची खूण करत होते. मी मशीनची बटणं पुसत राहिलो.

शेवटी आठवीतली एक बारकी पोरगी उठून माइकपाशी आली. "सर, खेळाच्या तासाला पोरं मैदानावर जातेत अन् आमाला रांगोळी काढायला बसवतेत. ते कामून?"

कुणी टाळी वाजवली नाही. उत्तर द्यायला मुख्याध्यापक उठले. माइक त्या पोरीच्या तोंडाच्या उंचीलाच होता. स्टँड वर करणं माझं काम. सरांनी माझ्याकडं पाहिलं, परत पाहिलं. मी जागचा हललो नाही.

सर वाकून बोलले.