घोडेवाल्याचा हात

किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारा तो, रोज सकाळी घोडा घेऊन आमच्या विहिरीवर यायचा. खरारा करून झाला की घोड्याच्या पाठीवरून उघडा तळहात सावकाश फिरवायचा आणि विचारायचा, "खंय दुखता रे?" खोगिराखाली वाळूचा एक कण राहिला तरी पाठ सोलवटते, म्हणायचा. संध्याकाळी खारं पाणी धुऊन काढल्यावर पुन्हा तोच हात, तोच प्रश्न. माणसांशी मात्र तो फारसा बोलत नसे. मला तो तुसडाच वाटे.

माझे वडील दोन महिने अंथरुणाला खिळलेत हे कळल्यावर तो पाय धुऊन आत आला. वडील सगळ्यांना सांगत तेच त्यालाही म्हणाले, "मी बरो आसंय."

त्याने त्यांना कुशीवर वळवलं, सदरा वर सारला आणि पाठीवरून तळहात फिरवला. कमरेपाशी हात थांबला. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

"खंय दुखता, काकानू? हंय?"

वडिलांनी होकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

आम्ही त्यांची पाठ रोज पुसायचो. पण फडक्याने.