लग्नाशिवाय चौक

"हे काय घालून आलात?"

हॉटेलच्या दारातच मॅडमनी विचारलं. मी सलवार-कुर्त्यात होते. याच कपड्यांत डोंबिवलीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. तिथे मुलं माझ्या कपड्यांकडे बघत नाहीत. फळ्याकडेही बघत नाहीत, पण तो वेगळा विषय.

"मी गुडघ्यापर्यंतची लुगडी मागवून ठेवलीत. ते समोर बाथरूम. प्लीज हं. बाहेरून माणसं आलीत, त्यांना जरा ऑथेंटिक वाटायला हवं ना."

मी वारली आहे हे सरकारला पटवताना पणजोबापर्यंतचे पुरावे द्यावे लागलेले. सरकारला पटलं. मॅडमना नाही. इथे पुरावा म्हणून गुडघे दिसायला हवे होते.

नेसले. कारण मला बोलायचं होतं.

मूलनिवासींच्या हक्कांसाठी काम करणारं एक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळ ठाण्यात आलेलं. बाळकुमच्या त्या नव्या हॉटेलात त्यांची सुनावणी होती. भरवणारी संस्था मॅडमची. आमचा पाडा घोडबंदर रस्त्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. टॉवर बांधणाऱ्याने आमच्या वाटेवर भिंत घातली. भिंतीपलीकडे आमचा झरा आणि आमच्या वाघोबाचा दगड. वर निरोप असा, की पाडा खाली करा, शीळफाट्याला इमारतीत खोल्या देतो. तेव्हा काकी म्हणालेली, "आन वाघोबाला कुठला मजला?"

हाच प्रश्न जरा सभ्य इंग्रजीत मांडायचा, एवढंच माझं काम. मंडळाच्या अहवालात पाडा आला, तर उठवणाऱ्यांना अडचण होईल अशी आशा होती. त्यांना लाज वाटेल ही आशा मी केव्हाच सोडलेली.

काकी सोबत होती. ती धवलेरी. आमची लग्नं भटजी लावत नाही, धवलेरी लावते. गाणी म्हणून. तिला कपडे बदलायला कुणी सांगितलं नाही. ती आधीच लुगड्यात होती. मॅडम तिच्याकडे बघून म्हणाल्या, "परफेक्ट."

आत थंडगार हॉल. आमची चित्रं सगळीकडे. कपांवर, पिशव्यांवर, हात पुसायच्या कागदावरही. पाहुणे आमच्या नाचणाऱ्या माणसांनी तोंड पुसून त्यांना टोपलीत टाकत होते.

मंडळाच्या अध्यक्षबाई दूरच्या एका देशातल्या मूलनिवासी समाजातल्या. गळ्यात त्यांच्याकडच्या मण्यांची माळ. त्यांच्याकडून मला खरंच अपेक्षा होती. माळ बघून एकदा मनात आलं, हिलाही सकाळी कुणी बाथरूम दाखवलं असेल का?

त्या संमतीवर बोलल्या. कुठल्याही समाजाला आधी विचारल्याशिवाय त्याच्याबाबत काही करायचं नाही. भाषण चांगलं होतं. ते चालू असताना फोटोग्राफरने काकीची हनुवटी धरली आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. न विचारता. संमतीवर टाळ्या पडल्या.

मग मॅडमनी काकीला स्टेजवर नेलं. गेरू फासलेला प्लायवूड उभा केलेला. शेजारी वाटीत तांदळाचं पीठ कालवून ठेवलेलं.

"काकी, चौक काढायचा आणि गाणं म्हणायचं. छोटासाच काढा. पाच मिनिटांत आटपेल असा."

चौक आम्ही लग्नातच काढतो. लग्नघराच्या भिंतीवर, सवाशिणी काढतात. धवलेरी गाते आणि देवी चौकात येऊन बसते. देवीला बोलावलं की लग्न लागलंच पाहिजे. बोलावून परत पाठवायची ती पाहुणी नव्हे.

काकीने प्लायवूडकडे बघितलं. मग हॉलकडे. माईक तिच्या तोंडाशीच होता.

"लगीन कोनाचा हाय?"

मॅडम हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "त्या आपल्या सर्वांना आशीर्वाद देताहेत."

टाळ्या.

काकीने पहिल्या रांगेतल्या टायवाल्या तज्ज्ञाकडे बोट केलं. "नवरा कोन? ह्यो का?"

"आणि त्या सरांचं खास स्वागत करताहेत," मॅडम म्हणाल्या.

साहेब उभे राहिले. हात जोडून वाकले. नवरदेवासारखेच.

मला हसू आलं. मग काकीचा चेहरा दिसला. ती थट्टा करत नव्हती. घाबरलेली. आपल्या तोंडून देवीला खोटं बोलावणं जाईल म्हणून घाबरलेली. आणि एवढ्या शिकलेल्या हॉलमध्ये तिला उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

मी स्टेजवर गेले आणि माईक घेतला.

"त्या आशीर्वाद देत नाहीत," मी इंग्रजीत म्हटलं. "लग्न कुणाचं आहे, असं विचारताहेत. इथे लग्न नाही. म्हणून चौक निघणार नाही. आमच्या वाटेवर भिंत आहे, तिच्याबद्दल ऐका."

मॅडम कानाशी आल्या. "अहो, तुमचा स्लॉट लंचनंतर आहे."

माईक बंद झाला. मी तशीच बोलत राहिले. झरा, वाघोबा, शीळफाटा. घसा बसेपर्यंत. अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं. "अत्यंत मोलाचं. आम्ही नोंद घेतली आहे." मग सगळे जेवायला गेले. लंचनंतर माझा स्लॉट नव्हता.

बाहेर मॅडमचा आवाज चढला. "आम्ही तुमच्यासाठीच करतो ना हे सगळं? मग नखरे कसले?"

मी बाथरूममध्ये लुगडं सोडलं. घडी घातली नाही. तसंच नेऊन त्यांच्या खुर्चीवर टाकलं आणि काकीला घेऊन निघाले.

काल त्यांचा फोन आला. झालं गेलं विसरून जाऊ म्हणाल्या. विसरायचं मीच होतं. "मंडळाला रविवारी पाडा बघायचाय. अर्धा तास. काकींना तेवढा छोटासा चौक..."

"या," मी म्हटलं. "गाडी टॉवरच्या गेटशी सोडा. पुढे भिंतीला वळसा घालून चालत या, आमच्यासारखं. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. भाषांतर मी करणार. आणि या वेळी प्रश्न आम्ही विचारू. उत्तरं तुम्ही द्यायची, अख्ख्या पाड्यासमोर."

"आणि चौक?"

"पाड्यात लग्न असेल तेव्हा निघेल. तुम्हाला आमंत्रण नाही."

"बघते. कळवते," म्हणाल्या.

ते नाही आले तरी रविवारी आम्ही बसणार. वाघोबाच्या दगडापाशीच. मध्ये भिंत आहे. घालताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पाडताना आम्हीही कुणाला विचारणार नाही.