अमानीच्या गालावरची तीट

सेनगावच्या अंगणवाडीत पारुबाईच्या हाताखालून गेलेली लेकरं आता स्वतःची लेकरं कडेवर घेऊन तिला एसटीत भेटत. ती तिथं मदतनीस होती. नाकं पुसायची, वेण्या घालायच्या, खिचडी भरवायची. फोटो काढायला पाहुणे आले की गुटगुटीत लेकराच्या गालावर तीटही लावायची. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं.

काम सुटल्यावर लेकीनं, प्रियंकानं, तिला आपल्याकडे नैरोबीला नेलं. सुट्टीच्या दिवशी प्रियंका तिथल्या एका पत्र्याच्या वस्तीत मुलांना शिकवायला जाई. पारुबाईही जाऊ लागली. तिथं आजीला 'बीबी' म्हणतात, मुलं तिलाही तीच हाक मारू लागली.

"मी काय मदीनाबीची बहीण हाय का?" सेनगावच्या शेजारणीचं नाव घेऊन ती हसली आणि कामाला लागली.

त्या शनिवारी वस्तीत पाहुणे आले. दुडुदुडु चालणाऱ्या अमानीचे त्यांनी फोटोवर फोटो काढले. पारुबाईला राहवेना. तिनं काजळाची डबी काढली आणि पोरीच्या गालावर बोट टेकवलं.

न्यायला आलेल्या आईनं, वांजिकूनं, तो ठिपका पाहिला आणि ती किंचाळलीच. अमानीला उचलून तिनं थुंकीनं गाल घासला. काजळ आणखी पसरलं. बायका धावत आल्या, दार भरून गेलं.

"काय म्हणून राहिली गं ही?" पारुबाईनं लेकीला विचारलं.

प्रियंकाला तिथली भाषा मोडकीतोडकी येई. "आई, मागं ह्या गल्लीतून एक मूल पळवलंय. तिला वाटतंय, तू खूण केलीस. पळवणाऱ्यांना ओळखू यावं म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "काहून लावलीस? मला विचारायचं तरी!"

"तीट लावायला काय विचारायचं?" पारुबाईनं डबी मिटून मुठीत धरली.

वर्ग चालवणारी रोझ प्रियंकाच्या कानाशी लागली. हिनं मूल पाठवलं नाही, तर उद्या कुणीच पाठवणार नाही. वर्ग बंदच होईल. प्रियंकानं ते आईला सांगितलं.

पारुबाईनं पुन्हा डबी उघडली आणि सगळ्यांदेखत प्रियंकाच्या गालावर तीट लावली.

"आई!"

"गप उभी ऱ्हा. सांग तिला, ही माझ्या पोटची हाय. लेकराला कुणाची नजर लागू न्हाई म्हणून लावतेत आमच्याकडं."

गालाला हात न लावता प्रियंकानं सांगितलं. वांजिकूनं दोघींच्या तोंडांकडे निरखून पाहिलं. मग पोरीला छातीशी आवळून ती निघून गेली. तिच्यामागं बाकीच्याही गेल्या.

रविवारी चटया रिकाम्याच होत्या. बऱ्याच वेळानं वांजिकू आली, अमानीला घेऊन. पण लेकराला सोडून ती गेली नाही. बादली पालथी घालून दारातच बसली, पारुबाईच्या हातांवर नजर रोखून.

अमानी सरळ येऊन पारुबाईच्या मांडीत बसली. पारुबाईनं तिला धरलं नाही. दोन्ही तळवे चटईवर, वांजिकूला दिसतील असे ठेवले. श्वासही जपून घेतला.

बाहेर दोन बाया लेकरांसह थबकल्या. वांजिकू मान न वळवता त्यांना काहीतरी म्हणाली. एकीनं आपल्या लेकराचा हात सोडला. दुसरी तशीच उभी राहिली.