घुंगरू ऐकू येतात का?

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दारात भाजीवाल्याशी वांग्यांवरून हुज्जत घालत होते. "ताई, तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "ट्रक होता काय?" नव्हता. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. पण गेले काही आठवडे आम्ही दोघी जिला घाबरून होतो, ती गोष्टच आधी तोंडातून बाहेर पडली. दादा बालाघाटहून रोज मोटरसायकलनं बैहर रस्त्यावरच्या एका शाळेत बाबू म्हणून जायचा. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीचे ट्रक त्याच रस्त्यानं येतात, आणि त्याला मागचा हॉर्न ऐकू येईनासा झाला होता.

आमचे बाबाही पन्नाशीतच बहिरे झाले. दारापुढच्या ओट्यावर बसून असायचे. पाहुणे यायचे, त्यांच्या डोक्यावरून बोलून जायचे. "हे चहा घेतील काय?" असं त्यांच्या समोरच आईला विचारायचे. दादा त्या ओट्याला मरणापेक्षा जास्त भ्यायचा, हे मला फार उशिरा कळलं.

गाण्यावर पैसे घालवणं त्याला मुळीच पटत नसे. बस स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचा. माझ्या मुलांनी अ‍ॅपचे पैसे भरले की त्यांना वेड्यात काढायचा. "गाणं काय तांदूळ आहे, विकत घ्याले?" तरुणपणापासून त्याचं एक आवडतं भीमगीत होतं. त्यात प्रत्येक कडव्यानंतर क्षणभर नुसते घुंगरू वाजतात. तेवढ्यासाठी तो सगळ्यांना गप्प बसवायचा.

एके दिवशी तो वैतागून म्हणाला, "याच्यातले घुंगरू काहून गेले? फुकटच्यात माल कापूनच देते हे लोक." आणि चक्क अ‍ॅपचे महिन्याचे पैसे भरून आला. तिथंही घुंगरू नाहीत. मग त्याहून महागडा प्लॅन. मग नागपूरहून मागवलेला जाडजूड हेडफोन. प्रत्येक वेळी तेच गाणं लावायचा आणि मग कंपनीच्या नावानं बोटं मोडायचा. आमचा चिंगूस माणूस बिघडला म्हणून मी त्याची खूप टर उडवली. एका दुपारी त्यानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. घुंगरू लख्ख वाजत होते... मी वहिनीकडे पाहिलं, तर ती मान खाली घालून तांदूळ निवडत होती. तिला केव्हाचंच माहीत होतं.

"तुले आयकू येते काय?"

"हौ दादा. येते."

"अन् त्या मेमरी कार्डात?"

"त्याच्यातही येते."

त्यानं हेडफोन माझ्या कानांवरून काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे बाबासारखं..." हेडफोन त्यानं नीट डब्यात ठेवला. माझ्याकडे गोंदियाला कान तपासायला यायचं कबूल केलं, आम्ही दिवसही ठरवला. तोवर गाडी नको म्हटलं तर मात्र अंगावर आला, "मंग आतापासूनच ओट्यावर बसवता काय मले?" तो दिवस यायच्या आधीच तो गेला. ट्रकनं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली. त्याचा रागही येतो अजून. इतका भित्रा माणूस, आणि एवढा लाडका!

ते गाणं आता माझ्या फोनवर आहे, मध्येमध्ये जाहिराती येणारं, फुकटातलं. मलाही पन्नाशी लागली आहे. रोज सकाळी स्कूटी काढायच्या आधी मी ते लावते आणि घुंगरू वाजले की निघते. परवा पहिलं कडवं संपलं आणि काहीच वाजलं नाही. मागं नेऊन पुन्हा लावलं. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली... नाही. नवऱ्याला हाक मारून विचारायचं धैर्य झालं नाही. फुकटच्यात कापून देत असतील, असं पुटपुटत मी त्या महागड्या प्लॅनचे पैसे भरून टाकले.