नक्की कुठे अडतं?

सोमवारी नव्या क्लायंटसमोर टीमची ओळख मी करून द्यायची, असं मॅनेजरने मंगळवारी जाता जाता सांगितलं. लिफ्टचं दार बंद होत होतं, त्यामुळे 'नको' म्हणायला वेळच मिळाला नाही. वेळ मिळाला असता तरी ते 'नको' तोंडातून बाहेर पडलं असतं का, शंकाच आहे. मी लहानपणापासून अडखळत बोलतो.

हिंजवडीहून धायरीला परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी आधी खिडकीशी बसलो, मग उठून मागे गेलो, मग पुन्हा पुढे आलो. एका जागी बसवतच नव्हतं. अडखळणाऱ्या लोकांचा एक मराठी ग्रुप मला वर्षभरापूर्वी मोबाइलवर सापडला होता. आजवर त्यात मी नुसता वाचायचो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा लिहिलं, "तोतरेपणा कायमचा कसा घालवायचा? अर्जंट आहे. प्लीज लवकर सांगा."

बस वारज्यापर्यंत पोहोचायच्या आत उत्तरांचा ढीग पडला. वेखंड मधातून चाटा. तोंडात खडे धरून मोठ्याने वाचा. आत्मविश्वास वाढवा. हळू बोला. भरभर बोला. एकाने स्वतःच्या क्लासची जाहिरात चिकटवली. एकाने नुसते जोडलेले हात पाठवले.

बुधवारी सकाळी मी बाथरूममध्ये कुंडीतले दोन खडे धुऊन तोंडात धरले आणि पेपरातली बातमी वाचायला लागलो. बायकोने बाहेरून विचारलं, "उलटी होतेय का?" वेखंडही चाटून झालं. जीभ दुपारपर्यंत बधिर होती आणि मीटिंगमध्ये मी नेहमीपेक्षा जास्त अडलो. चिडून ग्रुपवर लिहिलं, "इथे कुणालाच काही माहीत नाही. मदत करायची नसेल तर ग्रुप कशाला काढलात?"

ग्रुप चालवणाऱ्या बाई कधी नव्हे ते लगेच उत्तरल्या. त्या निवृत्त शिक्षिका, स्वतःही अडखळणाऱ्या, एवढंच मला त्यांच्या लिहिण्यावरून माहीत होतं.

"आपण प्रश्न विचारलात की हुकूम सोडलात?" त्यांनी लिहिलं होतं. "आपलं नक्की कुठे अडतं? कुणासमोर? कधी अजिबात अडत नाही? आजवर काय करून पाहिलंत? आणि अर्जंट म्हणजे काय, कधी, कुठे? हे सगळं आम्हाला स्वप्नात दिसावं अशी अपेक्षा आहे का?"

माझे कान तापले. मोबाइल खिशात टाकला. दहा मिनिटांनी पुन्हा काढून वाचलं. उत्तर लिहायला घेतलं आणि लक्षात आलं, की यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पस्तीस वर्षं मी अडखळतोय, पण नक्की कुठे, ते कधी पाहिलंच नव्हतं. अडलो की तिथून शक्य तितक्या लवकर पळ काढायचा, एवढंच मला येत होतं.

गुरुवारी चहा घेताना बायकोला विचारलं, "मी कधी अडत नाही?"

"माझ्याशी भांडताना," ती म्हणाली. "तेव्हा तर कुणी थांबवेल तर शपथ."

"आणि कधी अडतो?"

तिने कप खाली ठेवला. "नाव सांगताना. तुला माहीत नाही? हॉटेलात टेबलासाठी तू माझं नाव सांगतोस. पार्सल आलं की फोन माझ्याकडे देतोस. लग्न ठरवायला आलास तेव्हासुद्धा तुझं नाव तुझ्या बाबांनी सांगितलं होतं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "विहारात वंदना म्हणताना नाही रे अडत तू कधी. दर रविवारी ऐकते ना मी. सगळ्यांबरोबर कशी खणखणीत म्हणतोस."

बाबा पेपर वाचत होते. ते सरकारी कार्यालयात आयुष्यभर टपालाच्या टेबलावर बसले. मोजकं बोलतात. पेपर खाली न घेता म्हणाले, "शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी तुला नाव विचारलं. तू लाल झालास. पोरं हसायला लागली. मग मीच सांगितलं. पुढे सवयच लागली मला." पान उलटून त्यांनी विचारलं, "चुकलं का माझं?"

"नाही हो बाबा," मी म्हणालो. पण मला ते पटकन म्हणता आलं नाही, आणि यावेळी ते अडखळण्यामुळे नव्हतं.

मग मी टिपणं घ्यायला लागलो. दिवसभर ऑफिसात फिरताना, कॅन्टीनच्या रांगेत, जिन्यात. फोनवर जास्त, समोरासमोर कमी. मराठीत कमी, इंग्रजीत जास्त. वाक्याच्या मध्ये कमी, सुरुवातीला जास्त. आणि स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर हमखास. शुक्रवारी सकाळी बसमध्ये तिसऱ्यांदा लिहिलं. हे सगळं, खडे आणि वेखंडासकट. शेवटी विचारलं, "सोमवारी व्हिडिओ कॉलवर वीसेक लोकांसमोर दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं आहे. सुरुवातच माझ्या नावाने आहे. त्या पहिल्या वाक्याचं काय करू?"

यावेळी फक्त सातच उत्तरं आली. तीही लगेच नाही. दुपारपर्यंत मी दर पाच मिनिटांनी मोबाइल पाहत होतो आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी मला दोनदा "ऑल ओके ना?" म्हणाली. पण ही सातही माणसं माझ्याशी बोलत होती. वाघोलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एकाने लिहिलं की नाव वाक्याच्या मध्ये घ्या, आधी कामाबद्दल बोला. दुसऱ्या एकीने त्याला तिथेच खोडलं: "ही पळवाट आहे. आज नाव मध्ये ढकलाल, उद्या तिथेही अडेल. माझं तसंच झालं." दोघांची बराच वेळ जुंपली. एक जण म्हणाला, आधीच सांगून टाका की मी अडखळतो, म्हणजे लपवायचं ओझं उतरतं.

शेवटी शिक्षिकाबाई आल्या. "आता प्रश्न दिसतोय. मला वाटतं, नाव अडतं यापेक्षा नाव अडेल या भीतीनेच तुम्ही जास्त हैराण आहात. सोमवारच्या आत पाच अनोळखी माणसांना स्वतःचं नाव सांगून या. अडलात तर अडा, पण सोडून येऊ नका. आणि काय झालं ते इथे लिहा."

पाच माणसं! शनिवारी सकाळी चप्पल घालून मी सोसायटीच्या फाटकापर्यंत तीनदा जाऊन परत आलो. चौथ्यांदा बाहेर पडलो तो थेट शिंप्याच्या दुकानात. पँटची उंची कमी करायची होती. त्याने पावतीवर पेन टेकवून विचारलं, "नाव?"

ओठ मिटले ते मिटलेच. शिंप्याने वर पाहिलं, मग न बोलता पावती आणि पेन माझ्याकडे सरकवलं. भला माणूस होता. मी पेन परत सरकवलं. "सां... सांगतो," म्हणालो. आणि सांगितलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर सगळा बाजार थांबल्यासारखा वाटला. त्याने लिहून घेतलं आणि विचारलं, "पहिली वेलांटी की दुसरी?"

एवढंच! त्याला माझ्या अडखळण्यापेक्षा वेलांटीची काळजी होती.

औषधाच्या दुकानात बरं गेलं. वाचनालयात इतका अडलो की मागचा माणूस "अहो, चला" म्हणाला. दाताच्या डॉक्टरांकडे बाबांना घेऊन गेलो होतो. रिसेप्शनवरच्या बाईंनी "सोबत कोण?" विचारलं तेव्हा बाबांचं तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांनी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे मान वळवली आणि माझं नाव सांगून होईपर्यंत तिकडेच पाहत राहिले. पाचवा रिक्षावाला. त्याने नाव विचारलंच नव्हतं, मीच उतरताना सांगितलं. "बरं मग?" तो म्हणाला.

सोमवारी मी ठरवून पहिल्या वाक्यात सांगितलं की मी अडखळत बोलतो, थोडा धीर धरा. ते वाक्य सरळ आलं. मग नाव आलं आणि मी अडलो. चांगलाच. पलीकडून एक बाई म्हणाली की बहुतेक याचा व्हिडिओ गोठलाय. मॅनेजर माझ्या वतीने बोलायला पुढे सरकला. मी हात वर केला, त्याला थांबवलं आणि नाव पूर्ण केलं. पुढची दोन मिनिटं ना धड चांगली, ना वाईट गेली. टीममधल्या एकाचं काम सांगायचं विसरलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. क्लायंटने डेटाबेसबद्दल प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मी दिलं.

कॉल संपला. लिफ्ट सोडून सात मजले जिन्याने उतरलो आणि पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारत ग्रुपवर सगळं लिहिलं, विसरलेल्या सहकाऱ्यासकट.

बाईंचं उत्तर आलं, "छान. त्या सहकाऱ्याची माफी मागा. पुढची मीटिंग कधी?"

गुरुवारी होती. मी तारीख, वेळ आणि समोर कोण असणार ते लिहायला घेतलं.