फुटबॉलमधला एकच पाय

आई पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा तिच्या बॅगेत मेतकूट होतं, भाजणी होती आणि एक गैरसमज होता. मी डॉक्टर आहे, असा.

हा गैरसमज तिने स्वतःच्या हाताने तयार केला होता आणि तो सांगलीभर वाटूनही झाला होता. मेडिकलची अ‍ॅडमिशन माझी थोडक्यात हुकली आणि मी फिजिओथेरपीला गेले, तेव्हा आईने गल्लीत सांगून टाकलं, "डॉक्टरच असते ती. फक्त औषधं देत नाही." मला शिकवण्यासाठी ती सगळ्या नातेवाइकांशी भांडली होती. "मुलीला एवढं शिकवून काय करायचंय?" असं विचारणाऱ्या माझ्या काकांना तिने "तुमची कंबर धरली की कळेल" असं भर पंगतीत सुनावलं होतं. त्यामुळे माझं काम तिने एकदा डोळ्यांनी बघावं आणि "बरं केलंस" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ती लहानपणापासूनची असावी. फक्त त्यासाठी मुहूर्त चुकीचा लागला, कारण नेमक्या त्याच वर्षी आमच्या क्लिनिकने मला एका फुटबॉल टीमच्या दावणीला बांधलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही शॉमबर्गला राहायचो आणि ही टीम तिथून तासाभराच्या ड्राइव्हवर होती. अमेरिकेत फुटबॉल खेळतात थंडीत. काही हौशी श्रीमंतांना वाटलं, वसंतात आणि उन्हाळ्यात बिचारे लोक काय करत असतील? म्हणून त्यांनी नवी लीग काढली. उन्हाळ्यात लोक गवत कापतात, बार्बेक्यू करतात आणि मासे पकडायला जातात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. आमच्या मॅचला इतकी तुरळक गर्दी असायची की इकडे कुणी शिंकलं तर पलीकडच्या बाजूने "ब्लेस यू" ऐकू यायचं. जर्सी जांभळी होती. पहिल्याच धुण्यात तिचा रंग उतरला आणि पांढऱ्या पँटी वांग्याच्या भरतासारख्या दिसायला लागल्या.

खेळाडू म्हणजे जुन्या, मोठ्या लीगने नाकारलेले, काढलेले किंवा मोडून परत पाठवलेले. मोडलेले सगळे माझ्याकडे. त्यातला एक किकर होता. म्हणजे दोन उंच खांबांच्या मधून लाथेने बॉल मारायचा, एवढंच त्याचं काम. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मोठ्या लीगने त्याला घरी बसवलं होतं आणि तो सासऱ्याच्या दुकानात गालिचे विकत होता. गुडघा धड झाला तर फुटबॉल, नाही तर जन्मभर गालिचे. हे तो मला रोज एकदा तरी सांगायचा.

आई येऊन आठवडा झाला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं यार, आईंना घरी एकटं नको ठेवू. त्या दिवसभर टीव्हीवर वेदर बघत बसतात. ग्राउंडवर ने, जरा फ्रेश एअर मिळेल."

नेलं. ट्रीटमेंटच्या खोलीच्या दारातून आई आत आली तेव्हा मी स्टुलावर बसले होते आणि किकरचा डावा पाय माझ्या मांडीवर होता. केसाळ, घामेजलेला आणि आईच्या कमरेएवढ्या जाडीचा. आईने एकदा त्या पायाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पदर खांद्यावर ओढून घेऊन ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

परतताना टोलनाका मागे पडल्यावर ती म्हणाली, "पाय चेपतेस?"

"आई, त्याला ट्रीटमेंट म्हणतात. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. स्नायू आखडलेत, ते..."

"चेपणं ते चेपणंच. इंग्रजीत सांगितलं म्हणून काय वेगळं होतं? सासूचे पाय चेपत बसायला लागू नये म्हणून तुला शिकवलं. आणि तू सातासमुद्रापार येऊन परक्या पुरुषांचे चेपतेस!"

मी रेडिओ लावला.

घरी आल्यावर ती कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना चढायला लागली. मी विचारलं, "गुडघा दुखतोय का? बघू जरा."

"काही नको. सांगलीला गेले की डॉक्टरला दाखवीन," ती म्हणाली. डॉक्टर हा शब्द तिने जरा जास्तच स्पष्ट उच्चारला. तो मला झोपेपर्यंत टोचत राहिला.

तरी पुढच्या शनिवारी ती मॅचला आली. वेदर बघून तीही कंटाळली असावी. ही दांडगी माणसं एकमेकांच्या अंगावर पडतायत, उठतायत, परत पडतायत, हे तिने बराच वेळ बघितलं आणि मग विचारलं, "ह्याला फुटबॉल का म्हणतात? पाय तर कुणीच लावत नाही. हातात धरून पळतात सगळे."

तेवढ्यात आमचा किकर मैदानात आला आणि त्याने बॉलला लाथ घातली. आई बाकावरून उठलीच. "हा बघ! हा एकटा फुटबॉल खेळतो. बाकीचे नुसती हमाली करतात."

तिने हे मत पुढे कधीच बदललं नाही. गंमत अशी की टीममध्ये किकरला खेळाडू कुणी समजतच नाही. बाकीचे चिखलात लोळून रक्तबंबाळ होतात आणि हा स्वच्छ पँट घालून शेवटी येतो, म्हणून सगळे त्याला टाळायचे. तो बिचारा एकटाच बसायचा. आणि आता नऊवारी पातळ, वर माझ्या नवऱ्याचं जाकीट, अशा वेशातली एक बाई त्याच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होती, "धिस मॅन, ओन्ली फुटबॉल. अदर्स, नो." आईचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं होतं, पण त्याबद्दलचा तिचा आत्मविश्वास पार पीएचडीचा.

मग ती 'ब्रेक अ लेग'ची भानगड झाली. मॅच सुरू व्हायच्या आधी एका धिप्पाड गड्याने जाता जाता किकरच्या पाठीवर थाप मारली आणि तो म्हणाला, "ब्रेक अ लेग, मॅन!"

आई ताडकन माझ्याकडे वळली. "काय म्हणाला तो? पाय मोड?"

"शुभेच्छा आहेत त्या, आई. इथं तसं म्हणतात."

"शुभेच्छा? आत्ता कुठे जुळलेल्या पायाला? वास्तू तथास्तु म्हणत असते! मेल्याची जीभ झडली कशी नाही?"

तिथलं काही तिला खायला चालायचं नाही, म्हणून तिने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घरचं दही आणलेलं असायचं. तिने किकरला हाक मारली, "यू. कम. हँड." त्याने हात पुढे केला. आईने त्याच्या तळव्यावर चमचाभर दही घातलं, वर साखर भुरभुरली. आमच्याकडे परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर घालतात तसं. त्याला वाटलं, डॉक्टरने सांगितलेलं काहीतरी असेल. त्याने मुकाट्याने चाटून टाकलं. त्या दिवशी त्याने मारलेला प्रत्येक बॉल खांबांच्या मधून गेला.

झालं. खेळाडूंइतकी अंधश्रद्धाळू जमात मी दुसरी बघितली नाही. त्यांच्यातला एक जण सबंध सीझन एकच मोजे न धुता घालत होता. अशा माणसांना दह्याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. पुढच्या मॅचपासून आईसमोर रांग लागायला लागली. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य गडी, डावखुरा होता. त्याने डावा हात पुढे केला तेव्हा आईने त्यावर चापट मारली आणि म्हणाली, "लेफ्ट, नो!" एवढा आडदांड गडी, शाळकरी पोरासारखा हात बदलून उभा राहिला. घरी आमच्या ओव्हनमध्ये दिवा लावून पातेलीच्या पातेली दही विरजलं जायला लागलं. नवरा म्हणायचा, "आपण केक कधी बेक करणार, यार?"

एकदा बाहेरगावच्या मॅचला आई आली नाही. किकरने हट्ट धरला म्हणून मी दुकानातून दही आणलं. दुकानात फक्त स्ट्रॉबेरीचं होतं. त्या दिवशी त्याचा एकही बॉल धड गेला नाही. मॅचनंतर कोचने मला बाजूला घेतलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "डॉक, ते फळामुळे झालं का?"

मी हसले, पण मनातून चडफडले. इतके दिवस त्या गुडघ्यावर मी राबत होते आणि श्रेय जात होतं विरजणाला. आईही तेच मानत होती. फक्त एवढं झालं होतं, की ती आता बाहेरच्या बाकावर न बसता खोलीत बसून वाती वळायची. एकदा वाती वळता वळता तिने विचारलं, "मारतो उजव्या पायाने, आणि तू चेपतेस डावा?"

"बॉल मारताना सगळा भार डाव्यावर येतो, आई. तो नीट टेकला नाही तर उजवा काय करणार?"

"हं," ती म्हणाली आणि वात वळत राहिली.

सीझनच्या शेवटच्या मॅचला मोठ्या लीगची माणसं किकरला बघायला येणार होती. त्याच आठवड्यात त्याचा गुडघा सुजला. मॅचच्या दिवशी सूज उतरली, पण भीती उतरली नाही. कोच खोलीत आला. तो दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हायचा. "डॉक, हा खेळेल की नाही? तू सांगशील ते फायनल," तो म्हणाला.

मी नाही म्हटलं तर त्याची संधी गेली. हो म्हटलं आणि गुडघा गेला तर सगळंच गेलं. मी त्याचा पाय हातात घेतला, वाकवला, दाबला, फिरवला, त्याला त्यावर उभं केलं, उड्या मारायला लावल्या, परत झोपवून परत वाकवला. किकरचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मला आतून इतकी भीती वाटत होती की मी त्याच्या डोळ्यांकडे बघायचंच टाळलं.

आई उठली. डबा उघडून तिने चमचा भरला. किकरने सवयीने हात पुढे केला. ती त्याला ओलांडून माझ्यासमोर आली.

"हात कर," ती म्हणाली.

"मी?"

"परीक्षा तुझी आहे आज. त्याची काय, तो लाथ मारेल तिथं पाणी काढेल. पण आधी तू सांगायला पाहिजेस ना."

मी दही खाल्लं. मग कोचला म्हणाले, "खेळेल."

मॅच शेवटच्या किकवर आली, अशा मॅच येतातच. बॉल लांबून मारायचा होता. सगळं स्टेडियम, म्हणजे होती तेवढी सगळी माणसं, उभी राहिली. किकर धावत आला, डावा पाय रोवला आणि उजवा फिरवला. बॉल उंच गेला, खांबाला ठण्णकन लागला आणि बाहेर पडला. आम्ही हरलो.

हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मी बॉल बघितलाच नव्हता. मी त्याचा डावा पाय बघत होते. तो सरळ टेकला, भार घेतला, वळला आणि तसाच घट्ट उभा राहिला. लंगडणं नाही, काही नाही. सगळे कपाळावर हात मारत होते तेव्हा माझ्या शेजारी आई म्हणाली, "पाय बघितलास? कसा छान पडला!"

तीही बॉल बघत नव्हती.

बाहेर पडताना तो 'ब्रेक अ लेग'वाला धिप्पाड गडी माझ्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "डॉक, आय लाइक यू," तो म्हणाला, "पण ते दही तू खायला नको होतंस."

लीग पुढे बुडाली. ती बुडणार हे माझ्या नवऱ्यासकट सगळ्यांना दिसत होतं, फक्त ती काढणाऱ्यांना दिसलं नाही. मोठ्या लीगच्या माणसांनी किकरला मात्र बोलावून घेतलं. त्यांनीही बहुतेक बॉलपेक्षा पायच बघितला असावा. गालिचे विकायला सासरा एकटाच उरला.

त्या शनिवारी घरी येताना टोलनाक्यापर्यंत आई खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटलं असेल. घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला आणि जिना न चढता खालीच सोफ्यावर बसली. थोडा वेळ ती पातळाच्या काठाशी चाळा करत राहिली. मग तिने उजवा पाय उचलला आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवला.

"हा गुडघा. दिवाळीपासून दुखतोय," ती म्हणाली.

मी तिचा पाय हातात घेतला. जन्मात पहिल्यांदा, नमस्कार सोडून.

तिने डोळे मिटले. मग एक उघडून माझ्याकडे बघितलं.

"आणि नुसता चेपू नकोस हं," ती म्हणाली. "ट्रीटमेंट कर."